मंजुळाबाईच्या कानातलं मशीन

"आमदारबाईच्या कानात मशीन हाय, आन् त्या मशीनमधून तिचा नवरा बोलतो."

ही बातमी मी बऱ्याच तोंडांतून ऐकली आहे, आणि प्रत्येक तोंडाची तऱ्हा निराळी. शिरड शहापूरचा सलूनवाला सांगतो तेव्हा गिऱ्हाइकाच्या गळ्यावरचा वस्तरा उचलून हवेत धरतो, "पाव्हणं, हलू नका. बाई नुसती बाहुली हाय, बाहुली. हिकडून मालक म्हणला 'बंधू आन् भगिनींनो', का तिकडून बाई म्हणली 'बंधू आन् भगिनींनो'." हिंगोलीच्या डेपोत एक कंडक्टर आहेत. ते तिकिटाच्या यंत्रावरून मान वर न करता सांगतात, "अरे, ब्लूटूथ है वो. बाई मुंबईत, मालक वावरात. रेंज देखो!" आणि आमच्या गल्लीतली रुख्मिणीबाई नळाखाली हंडा आपटून म्हणते, "माय, माझा नवरा शेजारी बसून बोलला तरी मला त्याचं काई कळत न्हाई, आन् हिला मुंबईत कळून राहिलं!"

तर मशीन खरं आहे. नवराही खरा आहे. बाकी सगळं खोटं.

मंजुळाबाई भावकीच्या नात्यानं माझी मोठीमाय लागते. आमच्या आणि तिच्या अंगणात गुडघ्याएवढी भिंत आहे, तीही म्हशीनं एका जागी पाडलेली. पाच वर्षं झाली ती आमदार आहे. पण सकाळी ती म्हशीला "सरक तिकडं, भवाने" म्हणते तो आवाज आणि विधानसभेत "अध्यक्ष महोदय" म्हणते तो आवाज, यांत मला तरी फरक सापडलेला नाही. तिचे यजमान विश्वंभर म्हणजे आमचे मोठेबाबा. ते कुणाला भाषण सांगतील कसे? सतरा वर्षांत त्यांच्या तोंडून मी चारच गोष्टी ऐकल्या: "बराबर हाय", "बघू", "च्या घ्या", आणि एकदा बैल उधळला तेव्हा "अय्". मला माणसांच्या नकला करायची खोड आहे. दुसऱ्या कुणाचा आवाज काढायचा तर घसा तयार करावा लागतो. मोठेबाबांचा काढायचा तर गप्प बसलं की झालं.

तरी लोक काम घेऊन आधी त्यांच्याकडंच जातात. "मालक, आमचा डीपी जळला, वावरातली लाइट गेली, तेवढं बाईच्या कानावर घाला." मोठेबाबा म्हणतात, "बघू." डीपीसाठी फोन करते मोठीमाय, इंजिनिअरशी भांडते मोठीमाय, आणि आठ दिवसांनी डीपी बसला की पारावर बोलणं होतं, "पाह्यलं? खरा आमदार कोण हाय ते?"

तिचे कान गेले ते मळणीयंत्रावर.

तिचं माहेर आखाडा बाळापूरच्या बाजूचं. सातवीपर्यंत शाळा, मग लग्न, आणि सासरी आली ती पहिल्याच हंगामात यंत्राच्या तोंडाशी उभी राहिली. मोठेबाबांचा ट्रॅक्टर होता, त्याला मळणीयंत्र जोडून दोघं गावोगाव फिरायचे. सोयाबीन, मग ज्वारी, मग गहू आणि हरभरा. मोठेबाबा ट्रॅक्टरजवळ, ही पेंढ्या आत सारायला. असे बावीस हंगाम. यंत्र चालू असलं की शेजारच्याच्या तोंडाला कान लावला तरी शब्द कळत नाही, म्हणून मळणीवाले हातानं बोलतात. तळहात वर उचलला, की वाढव. खाली दाबला, की कमी कर. मूठ आवळली, की थांब, काही तरी अडकलं. आणि डोक्यावरून हात गरकन फिरवला, की ही गंजी संपली, दुसऱ्या गंजीला चला.

"आमचं भांडणबी त्याच्यातच मिटते," मोठीमाय सांगते. "मी वाढवते, हे कमी कर म्हणतेत. मग मी मूठ दाखवते."

डावा कान पुरता गेला तेव्हा ती पस्तिशीची होती. उजवा हळूहळू जात राहिला. तिनं कुणाला सांगितलं नाही. यंत्रावर उभ्या राहणाऱ्या माणसाला ओठांवरून बोलणं ओळखायची सवय लागतेच, त्यावर तिचं भागत होतं.

तिच्या राजकारणाची सुरुवात या कानामुळंच झाली, हे गावात फक्त तिघांना माहीत होतं. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला होता. बाया पदराआड कुजबुजत होत्या. मोठीमाय उठून बोलली, तर आवाज देवळापलीकडं रस्त्यावर थांबलेल्या काळीपिवळीतल्या लोकांना ऐकू गेला. गाव म्हणालं, काय धीट बाई हाय! धीट ती आहेच, पण त्या दिवशी आपला आवाज किती मोठा जातोय, हे तिला कळतच नव्हतं. सरपंचपद बायांसाठी सुटलं तसं लोकांनी तिलाच धरलं. दोनदा सरपंच, मग जिल्हा परिषद. मग विधानसभेच्या वेळी दोन मोठे पुढारी तिकिटावरून असे भांडले, की दोघांनाही चालणारा माणूस पक्षाला मिळेना. शेवटी दोघांनाही 'चालून जाईल' अशी एक बाई सापडली. तिला उभी केली, आणि ती निवडून आली.

निवडून आल्यावर तिनं नांदेडला जाऊन उजव्या कानाचं मशीन घेतलं. कुणी विचारलंच तर सांगायची, "फोनचं हाय." म्हणजे ब्लूटूथची अफवा उठली तिला पहिलं खतपाणी तिनंच घातलेलं. आमदार ऐकू न येणारी आहे म्हटल्यावर निवेदन घेऊन कोण येईल, ही तिची भीती.

मला कसं कळलं? आठवीत असताना मी तिच्या पाठीशी उभी राहून तिचंच भाषण तिच्याच आवाजात ठोकत होते, "या मंजुळाबाईला तुमी घरातली सून समजा!" ती भाकरी थापत होती, मशीन खिडकीत ठेवलेलं. ती वळेना. मला वाटलं, रागावली. मग पीठ घ्यायला वळली आणि मला बघून अशी दचकली, की भाकरी चुलीत गेली. त्या दिवशी तिनं मला शपथ घातली. मी ती पाळली. बाकी कुठलीच गोष्ट माझ्या पोटात राहत नाही, त्यामुळं ही राहिली याचं मलाच आश्चर्य.

आता तिचा आमदारकीचा संसार. सकाळी सातपासून ओसरीवर माणसं. येणाऱ्याला ती पहिलं वाक्य हेच सांगते, "उजेडाकडं तोंड करून बसा." कुणी सावलीला सरकलं, की "अहं, उजेडाकडं." यावरूनही एक गोष्ट सुटलेली आहे, की बाईला कुण्या महाराजानं सांगितलं, उगवतीकडं तोंड केल्याशिवाय काम ऐकायचं नाही. औंढ्याचा रस्त्याची कामं घेणारा एक गुत्तेदार तर आता स्वतःच्या बंगल्यावर पण माणसांना उगवतीकडं बसवतो. तिला ओठ दिसायला पाहिजेत, एवढंच. तोंडावर रुमाल धरून बोलणाऱ्यांची कामं तिच्याकडं मागं पडतात, आणि भरघोस मिशीवाल्यांना ती दोनदा विचारते.

विधानसभेत गोंधळ सुरू झाला, की ती सरळ मशीन बंद करते. सगळे उभे राहून ओरडत असतात आणि टीव्हीवर ही एकटी शांत बसलेली दिसते. एका पेपरानं छापलं होतं, 'संयमी व अभ्यासू.' ते कात्रण मोठेबाबांनी पाकिटात ठेवलं आहे.

आणि मोठेबाबा तिच्या प्रत्येक सभेला जातात, सगळ्यांत मागं उभे राहतात. भाषण चालू असताना त्यांचा हात छातीशी असतो. तळहात वर, की आवाज चढव. खाली, की लोकांचे कान फुटून राहिले, कमी कर. मूठ, की पुरे. इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते एका गांधीलमाशीमुळं.

दसऱ्याच्या आधी आखाडा बाळापूरला सभा होती. मोठीमाय ऐन भरात आली होती. "आन् म्हणून मी शासनाला ठणकावून सांगते, की..." तेवढ्यात मागं मोठेबाबांच्या टोपीभोवती गांधीलमाशी घोंगावली. त्यांनी डोक्यावरून हात गरकन फिरवला.

"नमस्कार," मोठीमाय म्हणाली, आणि खाली बसली.

शासनाला काय ठणकावून सांगायचं ते बाळापूरला आजतागायत कळलेलं नाही. टाळ्या जरा उशिरा पडल्या. पण विरोधी गटाचा योगेश, जो कायम मोबाइल वर धरूनच हिंडतो, त्यानं दोघांनाही एका चौकटीत पकडलं होतं. त्यानं कानातल्या मशीनला लाल गोल काढला, मोठेबाबांच्या हाताला लाल गोल काढला, खाली वाजंत्री लावली आणि लिहिलं, 'रिमोट कोणाच्या हाती?' दुपारपर्यंत तो व्हिडिओ तांड्यातांड्यावर पोचला.

मोठेबाबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. मोठीमाय म्हणाली, "अहो, माशीला काय कळतंय?"

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण निवडणूक तोंडावर आली होती, आणि वरून पक्षाचा निरोप आला. तिचा पीए दिपक तो निरोप घेऊन आला तेव्हा मी त्यांच्याच ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

"बाई, असं म्हणून राहिलेत," दिपक चप्पल न काढताच बोलायला लागला, "का सगळा कारभार मालकच बघतेत तर मग यंदा तिकीट सरळ मालकालाच द्यावं. बायकोच्या आडून कशाला? परवा हिंगोलीच्या विश्रामगृहावर इच्छुकांच्या मुलाखती हायत. निरीक्षक येऊन राहिले. तुमा दोघांला बोलावलंय."

मोठेबाबा ट्रॅक्टरखाली झोपून नट आवळत होते. पाना खाली पडल्याचा आवाज आला. ते बाहेर आले, सगळ्यांकडं बघितलं, आणि ट्रॅक्टरखाली परत गेले.

मोठीमायनं दिपकला चहा पाजून वाटेला लावलं. मग शेंगा पुढ्यात ओढून म्हणाली, "न्हाई सांगितलं तर बाहुली. सांगितलं तर बहिरी. निवड गं, प्रियदर्शनी, यातलं कोणतं बरं?"

"बहिरी परवडली."

"तुला परवडली. तुझे कान हायत. उद्या माणसं म्हणतील, तिच्यापाशी कशाला रडायचं, भिंतीपाशी रडा."

"मग काय करणार तुमी?"

"बघू," ती म्हणाली, अगदी मोठेबाबांच्या ढंगात, आणि दोघीही हसलो. पण तिचे हात हसत नव्हते. शेंगा फुटत होत्या आणि दाणे टरफलांच्या ढिगात पडत होते.

मी तिला ओळखते. मी म्हणाले, "तुमी सांगणार न्हाई. पाच वर्षं लपवलं, त्या बाहेरच्या माणसापुढं तर मुळीच सांगणार न्हाई. पैज लावता?"

"कशाची?"

"तुमी सांगितलं, तर सोयाबीनच्या मळणीला एक दिवस यंत्राच्या तोंडाशी मी उभी राहीन."

"आन् तोंड बंद ठेवून," ती म्हणाली. "दिवसभर कुणाचाच आवाज काढायचा न्हाई. तुझाबी न्हाई."

"आन् तुमी हरलात तर?"

"तर मी कशाला आमदार ऱ्हाते? तूच ये माझ्या जागी, माझा आवाज हायच तुझ्यापाशी."

परवा म्हणजे शनिवार. माझं कॉलेज हिंगोलीत, म्हणून मी त्यांच्याच गाडीत बसले आणि कॉलेजला गेले नाही. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आणखी तीन इच्छुक बसले होते, तिघांचेही शर्ट इतके कडक, की वाकले तर मोडतील. त्यांतला एक मोठेबाबांना म्हणाला, "या या, आमदारसाहेब." मोठेबाबा म्हणाले, "च्या घ्या." चहा तिथं नव्हताच.

मोठीमाय आत गेली. मी आणि दिपक खिडकीखालच्या कट्ट्यावर. जाळीतून सगळं दिसत होतं.

निरीक्षक जाडसर, गोरे, शहरातले. गालात पानाचा तोबरा. बोलायचं म्हणून त्यांनी तो एका बाजूला सारला. "बसा, बसा. बाई, तुमच्याविषयी बरंच कानावर आलंय. एक करा. ते कानातलं काढून इथं टेबलावर ठेवा. यजमान बाहेरच आहेत ना? राहू देत. आता आपण दोघंच बोलू."

मोठीमायनं मशीन काढलं आणि टेबलावर ठेवलं. निरीक्षकांनी ते उचलून, उलटं करून बघितलं, जणू आत मोठेबाबा सापडतील. मग तोबरा परत मधोमध आला, आणि त्यांनी प्रश्न विचारला. मला सुद्धा त्यातलं निम्मंच कळलं. ओठ मिटलेलेच होते, नुसती हनुवटी हलली.

मोठीमाय खुर्ची पुढं ओढून त्यांच्या ओठांकडं बघायला लागली.

मी मनात म्हटलं, आता ती काही तरी ठोकून देणार. असले लोक काय विचारतात ते तिला पाठ आहे. 'आम्ही जनतेच्या सेवेत' म्हटलं, की कुठल्याही प्रश्नाला चालतं. निरीक्षकांनी प्रश्न पुन्हा विचारला, जरा चिडून. बाहेर मोठेबाबा खुर्चीच्या टोकावर आले होते. हात छातीशी होता, पण दाखवणार कुणाला?

"साहेब," मोठीमाय म्हणाली, "आधी तोंडातलं टाकून या."

निरीक्षकांचा हात फुगलेल्या गालाकडं गेला.

"मला ऐकू येत न्हाई. डावा कान पुरता गेला, उजवा चार आणे उरला. ते मशीन बहिऱ्या माणसाचं हाय, फोनचं न्हाई. मीच फोनचं सांगत होते, ती माझी चूक. तुमचे ओठ दिसले, तर मी तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. आन् तिकडं खिडकीपाशी बसा. उजेडाकडं तोंड करून."

मशीन कानात नाही आणि मोठेबाबा समोर नाहीत, त्यामुळं हे सगळं तिनं ग्रामसभेच्या आवाजात सांगितलं. व्हरांड्यातले तिघे इच्छुक, झाडांना पाणी घालणारा माणूस, फाटकावरचा शिपाई, सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. गुप्त मुलाखत होती म्हणे.

निरीक्षक उठले, बेसिनपाशी गेले. चूळ भरल्याचा आवाज आला. परत येऊन मुकाट्यानं खिडकीपाशी बसले, म्हणजे अगदी माझ्या नाकासमोर. आता त्यांचा एक एक शब्द स्वच्छ होता.

"पाच वर्षांत काय करायचं राहून गेलं?"

केलेल्या कामांची यादी दिपकनं फाइलमध्ये लावून दिली होती, एकवीस पानं. तिनं फाइल उघडलीच नाही.

"साहेब, तांड्यावर एक शंकरसिंग हाय. तीस वर्षं मळणीवर खपला. कान गेले. मागून टेम्पोनं हॉर्न वाजवला, त्याला कळला न्हाई, पाय गेला. त्यानं मला दोनदा निवेदन दिलं. म्हणला, बाई, मळणीवाल्याचे कान तपासायचं एक शिबिर लावा, पोरांच्या कानात घालायला काही तरी द्या, आमचं झालं ते झालं. सभागृहात दहा मिनिटाचं काम होतं. मी न्हाई केलं. काहून न्हाई केलं? कानाचं बोलायला उभी राहिले, आन् कोणी म्हणलं, बाई, तुमच्या कानात काय हाय, तर? म्हणून ते निवेदन मी घरी पेटीत ठेवलं. बाकी रस्ते झाले, डीपी झाले. ते कोणीबी करते. हे माझ्याशिवाय कोणी केलं नसतं, आन् मीच न्हाई केलं."

आवाज एवढा चढला होता, की खिडकीची जाळी थरथरली. निरीक्षकांनी नकळत तळहात खाली दाबला. हळू, हळू.

मोठीमायचा आवाज तिथल्या तिथं खाली आला. त्या माणसाला कळलंही नाही, की आपण काय केलं. बाहेर मोठेबाबांना मात्र कळलं. ते पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसले.

पुढं अर्धा तास बोलणं झालं, शांतपणे. निरीक्षक स्वतः बाहेर आले तेव्हा हातात तिचं मशीन होतं, ते त्यांनी दोन्ही हातांनी परत दिलं. मग मोठेबाबांकडं वळून म्हणाले, "काय हो, तिकीट तुम्हाला द्यायचं का?"

मोठेबाबांनी त्यांच्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि आमच्या घरात पाचवी म्हणून नोंद झालेली गोष्ट बोलले, "मला काय येतंय?"

त्या रविवारी योगेशचा नवा व्हिडिओ आला, 'आमदार बहिऱ्या असल्याची कबुली.' मोठीमाय दिवसभर त्याकडं फिरकली नाही. सोमवारी ओसरीवर रोजच्याइतकीच माणसं होती. फरक एवढाच, की आता सगळी न सांगता उजेडाकडं तोंड करून बसत होती, आणि एका म्हाताऱ्यानं येण्याआधी मिशी कातरली होती. मंगळवारी शंकरसिंग कुबडी टेकत आला. काही मागितलं नाही. तिनं पेटीतली दोन्ही निवेदनं काढून दिपकच्या हातात दिली. शंकरसिंग बघत बसला, चहा प्याला आणि गेला. पक्षाच्या उमेदवारांची यादी लागायला आठवडा गेला. दिपक फोन हातात धरून गल्लीच्या तोंडापासून ओरडत आला. तिचं नाव होतं.

पेढे वाटून झाले तेव्हा ती भिंतीच्या पडक्या जागेतून आमच्या अंगणात आली. माझी आई उभी होती, तरी माझ्याकडंच बघत म्हणाली, "उद्या सोनाजीच्या वावरात मळणी हाय. सहाला ये. डोक्याला बांधायला आन, कानातला कापूस मी देते."

"मोठीमाय, उद्या माझी चाचणी परीक्षा हाय."

"पैज लावताना न्हवती?"

सहाला मी सोनाजीच्या वावरात होते. सोयाबीनच्या चार गंज्या. पहिल्या गंजीला घशात भुसा गेला, दुसरीला हात सोलले. तिसरीच्या वेळी सोनाजी पाय घसरून भुशात अशा काही ऐटीत बसला, की त्याच्याच आवाजात चार वाक्यं माझ्या जिभेवर येऊन उभी राहिली. ती तशीच गिळली. समोर ट्रॅक्टरजवळ मोठेबाबा उभे होते आणि मला बघून हसत होते.

दिवस मावळायला घरी आले आणि ओट्यावर बसले. कानात यंत्र चालूच होतं. आईनं म्हणे तीनदा हाक मारली. चौथ्यांदा येऊन खांदा हलवला आणि म्हणाली, "काय गं, पैज संपली न्हाई का अजून?" हे सुद्धा मला ओठांवरून कळलं.